मिस्प: आवक भरपूर, प्रतवारी मात्र आपल्याच हाताने

सातपूर-अंबडचे कारखाने, शहरातल्या नागरी सहकारी बँका, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार. या सगळ्यांकडे सायबर सुरक्षेचे काम बहुधा एका-दोघांवरच असते. थ्रेट इंटेलिजन्स अॅनालिस्ट, म्हणजे सायबर धोक्यांची माहिती गोळा करून तपासणारा, असे वेगळे पद फार थोड्या ठिकाणी दिसते. जो फायरवॉल सांभाळतो, तोच धोक्यांची माहितीही गोळा करतो. मिस्प (MISP) हे अशी माहिती साठवण्याचे, जोडण्याचे आणि इतरांशी वाटून घेण्याचे सॉफ्टवेअर. अशा माणसाने ते बसवावे का, एवढ्याच प्रश्नासाठी हे परीक्षण. आमचे उत्तर: बसवावे, पण रोज तासभर त्याच्यासमोर बसणारा माणूस आधी ठरवावा आणि मगच सर्व्हर घ्यावा.

मिस्पची सुरुवात २०११ मध्ये बेल्जियमच्या संरक्षण दलातल्या एका अभियंत्याने केली. आज त्याचा मुख्य विकास लक्झेंबर्गच्या सर्कल (CIRCL) या सायबर सुरक्षा संस्थेकडे आहे. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे आहे, एक पैसा लागत नाही. रचना सोपी आहे. एखादे प्रकरण म्हणजे एक इव्हेंट. त्या प्रकरणात सापडलेला आयपी, डोमेन, फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला ओळख क्रमांक), ईमेल पत्ता, बँक खाते हे त्याचे अॅट्रिब्यूट. एकमेकांशी जोडलेले अॅट्रिब्यूट एका ऑब्जेक्टमध्ये बांधता येतात. तोच आयपी सहा महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या इव्हेंटमध्ये असेल, तर मिस्प स्वतःहून ती जोडणी दाखवते. एक्सेल शीटमध्ये आयपी साठवणाऱ्यांना मिस्प का हवे, ते या एका सोयीवरून कळते.

बसवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: उबुंटू २४.०४ वर इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवून २.५ मालिकेतली आवृत्ती, किंवा डॉकर, म्हणजे सगळे भाग आयते बांधून मिळणारी इमेज. लहान जागी डॉकरच बरे. रेपॉझिटरी उतरवायची, टेम्प्लेटच्या एन्व्ह (सेटिंगच्या) फाइलची प्रत करायची, त्यात बेस यूआरएल (ज्या पत्त्यावर मिस्प उघडायचे तो) आणि अॅडमिनचा पासवर्ड भरायचा, मग इमेज ओढून कम्पोज सुरू करायचे. बेस यूआरएल भरायची राहिली की लॉगिन केल्यावर ब्राउझर लोकलहोस्टवर जातो आणि माणूस अर्धा दिवस नेटवर्क तपासत बसतो. चूक त्या एका ओळीत असते. मशीन ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि १०० जीबी एसएसडीचे असावे. ४ जीबीवर मिस्प सुरू होते, पण फीड (बाहेरून येणाऱ्या धोकादायक पत्त्यांच्या याद्या) कॅश करायला लागले की रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा भाग सगळी मेमरी खातो. यूपीएस हवाच. वीज अचानक गेली की डेटाबेसच्या टेबलला इजा होऊ शकते, आणि रोजचा बॅकअप नसेल तर त्याच दिवशी सगळे संपते.

पहिल्या लॉगिननंतर डीफॉल्ट पासवर्ड राहिला असेल तर तो बदला, आणि मिस्प इंटरनेटवर उघडे ठेवू नका. व्हीपीएनमागेच असू द्या. पुढची पायरी बहुतेकांकडून सुटते. गॅलेक्सी (टोळ्या, मालवेअर यांची माहिती), टॅक्सॉनॉमी (टॅगचे ठरलेले संच), वॉर्निंगलिस्ट (चुकून ब्लॉक होऊ नयेत अशा पत्त्यांच्या याद्या) आणि ऑब्जेक्ट टेम्प्लेट अद्ययावत करणारे बटण दाबायचे आणि त्यानंतर लागणाऱ्या टॅक्सॉनॉमी व वॉर्निंगलिस्ट एकेक करून सुरू करायच्या. अद्ययावत केल्या म्हणजे सुरू झाल्या, असे नसते. वर्कर (पडद्यामागे कामे करणारे प्रोग्रॅम) चालू आहेत का तेही पाहून घ्या. ते थांबले असतील तर फीड ओढण्याचे काम रांगेत पडून राहते आणि पडद्यावर कुठलीच चूक दिसत नाही.

आता फीड. नवा माणूस नेमका इथेच घसरतो. डीफॉल्ट यादी लोड केली की डझनावारी फीड समोर येतात आणि सगळ्यांवर खूण करण्याचा मोह होतो. लासलगावच्या बाजारात आवक वाढली म्हणून कोणी न निवडलेला कांदा गाडीत भरत नाही. तेच इथे. सुरुवातीला तीन फीड पुरतात: सर्कलची ओएसइंट (उघड स्रोतांतल्या माहितीची) फीड, मालवेअर पसरवणाऱ्या पत्त्यांसाठी यूआरएलहाउस आणि बॉटनेटच्या कंट्रोल सर्व्हरसाठी फिओडो ट्रॅकर. चौथी जोडण्याआधी फीड ओव्हरलॅपचा तक्ता उघडा. नव्या फीडमधला बहुतेक माल आधीच्या फीडमध्ये असेल, तर ती घेऊन हाती काही लागत नाही, फक्त सर्व्हर मंदावतो.

फीड ओढणे वेगळे आणि कॅश करणे वेगळे. ओढली की तिच्या नोंदी तुमच्या डेटाबेसमध्ये येतात. कॅश केली की फक्त मिळतेजुळते सापडले तर इशारा मिळतो. नुसत्या आयपींच्या लांबलचक याद्या असतील तर कॅश करा, ओढू नका. ओढायचीच असेल तर फिक्स्ड इव्हेंट आणि डेल्टा मर्ज हे दोन्ही पर्याय चालू ठेवा, म्हणजे मूळ यादीतून निघालेला आयपी तुमच्याकडूनही निघेल. हे केले नाही, तर वर्षभरापूर्वी कोणाच्या तरी हॅक झालेल्या राउटरचा आयपी तुमच्या ब्लॉकलिस्टमध्ये तसाच पडून राहतो. आज तो आयपी कदाचित तुमच्या एखाद्या ग्राहकाकडे असेल.

वॉर्निंगलिस्ट हा या साधनातला सर्वात मोलाचा आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे, असे आम्ही ठामपणे म्हणू. गूगलचे डीएनएस, मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पत्ते, क्लाउडफ्लेअरच्या रेंज, लोकप्रिय डोमेन यांच्या या याद्या आहेत. एखाद्या मालवेअरने इंटरनेट चालू आहे का हे बघायला ८.८.८.८ ला हाक मारली, सँडबॉक्सच्या (मालवेअर बंदिस्त जागी चालवून बघणाऱ्या साधनाच्या) अहवालात तो पत्ता आला, घाईत कोणी अहवाल जसाच्या तसा चिकटवला आणि त्यावर आयडीएसची (घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेकडे पाठवण्याची) खूण राहिली. हा पत्ता फायरवॉलपर्यंत पोचला आणि कार्यालय तेच डीएनएस वापरत असेल तर इंटरनेट बंद. वॉर्निंगलिस्ट अशा पत्त्यापुढे पिवळा इशारा दाखवते. मात्र ती दाखवतेच फक्त. एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देणाऱ्या मार्गाने) यादी काढताना एन्फोर्स वॉर्निंगलिस्ट हा पर्याय स्वतः १ करावा लागतो, नाहीतर इशारा असलेले पत्तेही यादीत जसेच्या तसे बाहेर पडतात. आपल्या बँकेची डोमेन, कोअर बँकिंग पुरवणाऱ्याचे पत्ते, कस्टम एजंटचा मेल सर्व्हर यांची स्वतःची वॉर्निंगलिस्ट बनवा. अर्ध्या तासाचे काम आहे.

आयडीएस खुणेचा नियम एकच: हे दिसले तर अलार्म वाजायला हवा का? उत्तर हो असेल तरच खूण. हल्लेखोराने वापरलेल्या फाइलचे नाव 'इन्व्हॉइस डॉट पीडीएफ' असेल तर ते नोंदवा, पण खूण करू नका. फ्रीटेक्स्ट इम्पोर्ट मात्र अप्रतिम आहे. अहवालातला मजकूर चिकटवला की, चुकून क्लिक होऊ नये म्हणून मोडून लिहिलेले पत्तेही ते ओळखून वेगळे करते. फक्त त्यानंतरच्या तक्त्यात प्रत्येक ओळ वाचा. अहवाल छापणाऱ्या कंपनीचे स्वतःचे डोमेनही त्यात गोळा झालेले असते.

जगभरातल्या फीड सगळ्यांना सारख्याच मिळतात. नाशिकमध्ये बसलेल्या अॅनालिस्टची किंमत त्याने स्वतः भरलेल्या इव्हेंटमध्ये असते. द्राक्षांचा निर्यात हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. याच काळात ठगांचे मेल जातात: निर्यातदाराच्या नावाने युरोपातल्या आयातदाराला 'आमचे खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात पाठवा'. डोमेनमध्ये एमच्या जागी आर आणि एन शेजारी ठेवलेले असतात, घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. मिस्पमध्ये आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), बिक (बँकेचा स्विफ्ट कोड) आणि बँक खाते क्रमांक यांसाठी वेगळे अॅट्रिब्यूट आहेत, ते वापरा. रिप्लाय-टूचा (उत्तर ज्यावर जाते तो) पत्ता, नकली डोमेन आणि त्याच्या नोंदणीची तारीख हे त्याच इव्हेंटमध्ये जोडा. भारतात आयबॅन वापरत नाहीत. आपल्या खात्याला क्रमांक आणि स्विफ्ट कोड असतो. म्हणून नाशिकच्या निर्यातदाराच्या इन्व्हॉइसवर आयबॅन दिसला, तर तीच धोक्याची घंटा. परदेशातल्या आयातदारांना हे एक वाक्य हंगामाआधी कळवून ठेवावे. दोन निर्यातदारांच्या प्रकरणांत एकच आयबॅन निघाला, तर मिस्प ते लगेच जोडून दाखवेल, आणि ही माहिती कुठल्याही विकतच्या फीडमध्ये मिळणार नाही.

दुसरा स्थानिक माल म्हणजे व्हॉट्सअॅपवरून फिरणाऱ्या एपीके (अँड्रॉइड अॅपच्या) फाइल: आरटीओ चलान, पीएम किसान, वीजबिल, लग्नपत्रिका. फक्त फाइलचा हॅश नोंदवून भागत नाही, कारण फाइल पुन्हा बांधली की हॅश बदलतो. जॅडएक्स (jadx) या अॅपचा कोड वाचण्याच्या साधनाने फाइल उघडा, साइनिंग सर्टिफिकेटचा (अॅपवरच्या डिजिटल सहीचा) ठसा काढा, आतला फायरबेसचा (गूगलच्या अॅप-सेवेचा) पत्ता, टेलिग्राम बॉटचा टोकन आणि एसएमएस ज्या मोबाइल क्रमांकावर वळवले जातात तो क्रमांक शोधा. या गोष्टी जास्त टिकतात आणि दहा वेगवेगळ्या एपीके एकाच टोळीच्या आहेत हे त्यांवरून उघड होते. फायरबेसचे मूळ डोमेन कधीही ब्लॉक करू नका, त्यावर हजारो प्रामाणिक अॅप चालतात. नोंद पूर्ण होस्टनेमची हवी. आणि हे सगळे वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर, स्वतःच्या फोनवर नाही.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात राहण्याच्या बुकिंगच्या नकली वेबसाइटबद्दल उत्तर प्रदेश पोलिसांनी इशारे दिले होते. इथेही तयारी तीच हवी. डीएनएसट्विस्ट या साधनाने आपल्या संस्थेच्या डोमेनची जवळपासची रूपे काढा आणि सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या नोंदींत (वेबसाइटना दिलेल्या सर्टिफिकेटच्या सार्वजनिक यादीत) रोज शोध घ्या. शोधताना नाशिकचे इंग्रजी स्पेलिंग एच असलेले आणि एच नसलेले, दोन्ही घ्या. सिंहस्थ तर किमान तीन-चार प्रकारे लिहिला जातो, त्र्यंबकही तसाच. सापडलेले प्रत्येक डोमेन वाईटच असते असे नाही, गावातला खरा लॉजवालाही त्यात असतो. पान उघडून पैसे कुठल्या खात्यात मागितले आहेत ते पाहिल्याशिवाय आयडीएसची खूण करू नका.

वाटून घेण्याचा भाग काळजीने हाताळा. नव्या इव्हेंटचे डीफॉल्ट वितरण 'फक्त आपली संस्था' असे ठेवा. 'कनेक्टेड कम्युनिटीज' निवडून पब्लिश केले की इव्हेंट जोडलेल्या सर्व्हरवर जातो, आणि तुमच्याकडचा नंतर पुसला तरी तिथली प्रत परत येत नाही. टीएलपीचा (माहिती कोणाला दाखवायची हे रंगाने सांगणाऱ्या पद्धतीचा) टॅग प्रत्येक इव्हेंटला लावा. २०२२ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत व्हाइटच्या जागी क्लिअर आले आहे आणि अंबर-स्ट्रिक्ट नवे आहे. अंबर-स्ट्रिक्ट म्हणजे संस्थेबाहेर नाही, ग्राहकांनाही नाही. फसलेल्या खातेदाराचे नाव, मोबाइल किंवा खाते क्रमांक मिस्पमध्ये कधीही नको. ठगांच्या खात्याचा क्रमांक चालेल, पीडिताचा नाही.

फायरवॉलला थेट मिस्पशी जोडू नका. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) पायमिस्प या पायथन लायब्ररीची छोटी स्क्रिप्ट चालवा, अटी अशा: पब्लिश झालेले, आयडीएस खूण असलेले, वॉर्निंगलिस्ट लागू, जुने होऊन गुण उतरलेले (डिकेड) वगळून. निघालेली साधी टेक्स्ट फाइल अंतर्गत वेब सर्व्हरवर ठेवा, फायरवॉल तिथून वाचेल. कालच्या आणि आजच्या फाइलमधल्या ओळींचा फरक खूप मोठा असेल तर स्क्रिप्टने जुनीच फाइल ठेवून मेल पाठवावा. एखाद्या फीडने रातोरात कचरा ओतला तर ही एवढी अट तुम्हाला वाचवते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. हे लॉग मिस्पसोबत वापरले तर त्यांचे चीज होते. आज आलेला कंट्रोल सर्व्हरचा पत्ता पुढे ब्लॉक करून थांबू नका, मागच्या १८० दिवसांच्या प्रॉक्सी आणि डीएनएस लॉगमध्येही शोधा. सापडला तर मिस्पमध्ये सायटिंग (हे आमच्याकडे दिसले अशी नोंद) करा; चुकीचा निघाला तर फॉल्स पॉझिटिव्हची सायटिंग नोंदवा. दोन महिन्यांनी कुठली फीड ठेवायची आणि कुठली काढायची, हे याच नोंदींवरून ठरते.

उणिवा आहेत. पडदा जुन्या वळणाचा आणि गर्दीचा आहे. व्यवस्थापकाला दाखवण्यासारखा तक्ता त्यातून सहज निघत नाही. इव्हेंट रिपोर्टमध्ये स्वतः एक पान मराठीत लिहावे लागते. एकच सामान्य आयपी शेकडो इव्हेंटमध्ये आला की कोरिलेशन (इव्हेंटमधली आपोआप जोडणी) निरुपयोगी होते, असे पत्ते कोरिलेशनमधून वगळावे लागतात. टोळ्या, मोहिमा आणि साधने यांचे नाते चित्ररूपात हवे असेल तर ओपनसीटीआय हे दुसरे मुक्त साधन उजवे आहे. पण त्याला इलास्टिकसर्च, रॅबिटएमक्यू, मिनआयओ असा लवाजमा लागतो आणि १६ जीबी रॅमखाली ते तग धरत नाही. अंबडच्या पन्नास संगणकांच्या युनिटला ते झेपणार नाही. नंतर गरज पडलीच तर मिस्पमधला डेटा कनेक्टरने तिकडे नेता येतो.

पैसे गेल्याची तक्रार मात्र मिस्पमध्ये नोंदवत बसू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद, बँकेला लेखी कळवणे, इव्हेंट त्यानंतर. आणि त्या इव्हेंटमध्ये मेलचे पूर्ण हेडर हवे. फॉरवर्ड केलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचा मूळ आयपी उरत नाही, म्हणून लेखा विभागाला मेल अटॅचमेंट म्हणून पाठवायला आजच शिकवून ठेवा.