अंक न पाहता पाठवलेली कविता

मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. एकवीस वर्षं नोटा मोजतोय. खोटी नोट डोळ्यांआधी बोटांना कळते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘बिचारा भोळा माणूस’ म्हणून कुणी सोडून देणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कवींच्या व्हॉट्सॲप समूहावर एक जाहिरात आली. कुठल्याशा त्रैमासिकाची राज्यस्तरीय काव्यलेखन स्पर्धा. पहिलं बक्षीस 11,000 रुपये. कविता स्वरचित व अप्रकाशित हवी, प्रवेशशुल्क एका कवितेला 200, तिनांना मिळून 500. त्रैमासिकाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांच्या गोष्टी ऐकत आम्ही लिहायला लागलो. सायक्लोस्टाइल केलेली पानं, संपादकाची पदरमोड, दोन-चार अंकांत बंद पडणं. त्यामुळे छोटं, गरीब, नाव नसलेलं मासिक दिसलं की आम्हाला ते खरंच वाटतं. शुल्क घेण्यातही मला वावगं दिसलं नाही, आजही दिसत नाही. छपाई आणि टपाल कुणाला चुकलंय?

तीन कविता पाठवल्या. पंधरा दिवसांत फोन आला, “कविवर्य, अभिनंदन!” माझ्या ‘बाद नोट’ला उत्तेजनार्थ बक्षीस होतं. पाठोपाठ परीक्षकांचा अभिप्राय आला: ‘आपली कविता जगण्याला थेट भिडते. शब्दाशब्दाला मातीचा गंध आहे.’ कवितेत माती कुठेच नव्हती. काउंटर होता, वरचा पंखा होता, सेलोटेप लावलेली नोट होती. तरी तो मेसेज मी बायकोला दाखवला आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनाही.

मग प्रातिनिधिक काव्यसंग्रहाचा विषय निघाला. निवड झालेल्या कवींनी किमान तीन प्रती आगाऊ घ्यायच्या, 1,350 रुपये. भरले. मग पुण्यातला पुरस्कार सोहळा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि जेवण धरून नोंदणी 1,100. तेही भरले. दरवेळी पैसे जायचे ते मासिकाच्या खात्यावर नाही, कुणा ना कुणा माणसाच्या यूपीआयवर, आणि तिन्ही वेळा नाव वेगळं. काउंटरवर एखादी आजी असे पैसे पाठवायला आली असती तर मी तिला बाकावर बसवून चार प्रश्न विचारले असते.

सोहळा आधी प्रमुख पाहुण्यांच्या तारखेसाठी पुढे गेला, नंतर सभागृहासाठी. मग निवड झालेल्या कवींच्या समूहावर फक्त ॲडमिननेच लिहायचं असं झालं. एक दिवस आम्हा सगळ्यांनाच समूहातून काढलं होतं. फोन बंद.

डोंबिवलीच्या एका कविमित्राला विचारलं. त्यालाही उत्तेजनार्थच होतं. त्याने त्याचा अभिप्राय मला पाठवला. अक्षरन् अक्षर तोच, मातीच्या गंधासकट. त्याची कविता लोकलच्या डब्यावर होती. एकूण 2,950 रुपये गेले होते, पण खरं सांगतो, पोटात कालवलं ते हा मेसेज वाचून.

त्या रात्री जाहिरात पुन्हा काढून पाहिली. ‘मान्यवर परीक्षक’ असं होतं, नाव एकाचंही नाही. मागच्या वर्षीचा निकाल नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, म्हणून छापलेला क्रमांक तेरा आकडी, 978 ने सुरू होणारा. नियतकालिकाचा आयएसएसएन आठ आकडी असतो. 978 वाला पुस्तकाचा. आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक टाकून नाव जुळतं का, हे दोन मिनिटांत बघता येतं. (जुळलं म्हणजे मासिक चांगलं असं नाही, ते निदान अस्तित्वात आहे एवढंच.)

आणि अंक? छापील अंकात कुठेतरी बारीक अक्षरात ‘हे त्रैमासिक मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक येथे छापून प्रसिद्ध केले’ ही ओळ असते. ती मी बघणार कशी? अंकच मागवला नव्हता. ज्या मासिकात कविता यावी म्हणून जीव टाकत होतो, त्याचं एकही पान मी वाचलेलं नव्हतं. आम्हा कवींना छापून यायचं असतं, वर्गणी भरायची नसते. जाहिरात लिहिणाऱ्याला आमची ही खोड नेमकी ठाऊक होती.

नियमांत ‘कवितेचे सर्व हक्क संपादकाकडे’ अशीही ओळ होती. त्याची धास्ती एका वकील मित्राने घालवली. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच देता येतात. मी सही कुठेच केली नव्हती. कविता माझीच राहिली.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो पैसे जाऊन दोन महिने झाल्यावर. लगेच केला असता तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवायला वाव असतो. मला तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाही. नंतर पोलीस ठाण्यात कागद द्यायला गेलो, तेव्हा नोंद करणाऱ्या हवालदारांनी मान वर न करता विचारलं, “कविता कशावर होती?” इतक्या दिवसांत हे विचारणारे ते पहिलेच. म्हटलं, “फाटक्या नोटेवर.” ते म्हणाले, “म्हणा की दोन ओळी.”

मागे तीन माणसं उभी होती. मी सही केली आणि बाहेर आलो.