मुख्य चौकातून बस हलवल्या त्याला आता बरेच महिने झाले: रोजच्या प्रवाशाचा अनुभव

आमच्या शहरातल्या जवळजवळ सगळ्या बस पूर्वी बाजारपेठेतून मुख्य चौकात यायच्या आणि तिथून वळून पुढे जायच्या. आता त्या बाहेरच्या वळण रस्त्याने जातात. चौकाच्या कडेला, थोडं चालत जावं लागेल अशा अंतरावर, एक मोठा थांबा केला आहे आणि चौक पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला आहे. बदल झाला त्या आठवड्यात जो तो हिरिरीने बोलत होता, पण ते सगळे अंदाज होते. आता रोजच्या वापरातून जे कळलं ते सविस्तर लिहिते. शहरातून नुसत्या पार होणाऱ्या गाड्या बाहेर काढल्या, हे योग्यच झालं. चौकासाठी एकही गाडी ठेवली नाही, हे चुकलं. हे दोन वेगळे निर्णय आहेत, पण लोकांपुढे ते एकच निर्णय म्हणून आले. त्यामुळे भांडण 'बदल हवा की नको' एवढ्यावरच अडकून पडलं आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. मला शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कामावर जावं लागतं. चौकात उतरायचं कारण क्वचितच पडतं. पूर्वी माझा निम्मा वेळ बाजारपेठेच्या त्या तुकड्यात जायचा. माल उतरवणारा टेम्पो, दुहेरी लावलेल्या मोटारी, चौकातलं अवघड वळण. एखाद्या दिवशी गाडी सरळ निघायची, एखाद्या दिवशी जागची हलायची नाही. जास्त वेळ लागणं एक वेळ परवडतं, पण किती लागेल हेच माहीत नसणं परवडत नाही. उशिराची शक्यता धरून आपण रोजच लवकर निघतो, म्हणजे ज्या दिवशी गाडी वेळेवर येते त्या दिवशीही ती मिनिटं आपल्या पदरातूनच जातात. आता माझी गाडी ठरलेल्या वेळेच्या आसपास येते आणि पोहोचतेही. मी घरून निघायची वेळ बदलली आहे आणि ती बदललेली टिकून आहे. माझ्या दृष्टीने या बदलाची हीच सर्वांत मोठी कमाई.

दोन गाड्या एकामागोमाग येणंही बरंच कमी झालं. ते पूर्वी का व्हायचं हे प्रवाशांनी समजून घेण्यासारखं आहे, कारण शिव्या नेहमी चालकाला बसायच्या. बाजारात अडकलेली गाडी पुढच्या थांब्यावर उशिरा पोहोचते. तोवर तिथे जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांब्यावर कोणी मिळत नाही, ती भराभर येऊन हिला गाठते. मग एक गच्च भरलेली, दुसरी रिकामी आणि त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही. गाड्या समान अंतराने आल्या तर प्रवाशाला सरासरी त्या अंतराच्या निम्मा वेळ थांबावं लागतं. जोडीने आल्या की कागदावर फेऱ्या तेवढ्याच राहतात आणि थांबणं वाढतं. अडकायची जागाच मार्गातून गेली, की हे दुष्टचक्र सुरूच होत नाही.

पण वाचलेली मिनिटं कोणाच्या वाट्याला गेली? आमच्याकडे हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही असं मला ठामपणे वाटतं. समजा, एका मार्गाची जाऊन-येऊन फेरी ६० मिनिटांची आहे आणि तिच्यावर ६ गाड्या आहेत. म्हणजे दर १० मिनिटांनी एक गाडी. वळसा टळून फेरी ५० मिनिटांवर आली, तर त्याच ६ गाड्यांत आणि त्याच चालक-वाहकांत साधारण सव्वाआठ-साडेआठ मिनिटांनी गाडी देता येते. किंवा एक गाडी काढून घेऊन ५ गाड्यांत पूर्वीचीच १० मिनिटं कायम ठेवता येतात. पहिल्यात फायदा प्रवाशाला, दुसऱ्यात बस चालवणाऱ्यांना. माझ्या मार्गावर दोन गाड्यांमधलं अंतर पूर्वीइतकंच आहे. खर्च वाचवणं गैर नाही. पण लोकांना चालायला लावून वाचवलेला वेळ लोकांनाच जास्त फेऱ्यांच्या रूपाने परत मिळायला हवा होता. तसं झालं असतं तर आजच्या नाराजीतली बरीच नाराजी उरली नसती.

आता चालण्याबद्दल. बस थांब्यापर्यंत माणूस ४०० मीटर चालेल, असं नियोजनात सर्रास धरतात. धडधाकट माणसाला त्याला पाचेक मिनिटं लागतात. नवा थांबा चौकापासून नकाशावर या हिशोबात बसतही असेल. पण नकाशावर हातातली पिशवी दिसत नाही, कडेवरचं मूल दिसत नाही, गुडघे दिसत नाहीत. आणि मध्ये तो वळण रस्ता ओलांडायचा असतो. ब्रिटनमध्ये सिग्नलला पायी ओलांडण्याची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरत आले आहेत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की ६५ वर्षांवरच्या बहुसंख्य लोकांना हा वेग जमतच नाही. आमच्या थांब्यासमोर हे वाचायची गरज नाही, उभं राहिलं की दिसतं. हिरवा दिवा लागतो, तरुण पोरं पार होतात, आणि म्हातारी माणसं मधल्या दुभाजकावर अडकून दोन्ही बाजूंच्या गाड्यांकडे बघत राहतात.

शेजारच्या काकू पूर्वी आठवड्यातून दोनदा-तीनदा एकट्या चौकात जायच्या. बँक, औषधं, भाजी, ओळखीच्या चार जणांशी बोलणं. आता मुलाला सवड असेल तेव्हाच जातात. त्यांनी कुठे तक्रार केलेली नाही, सभेलाही गेल्या नाहीत, म्हणून त्या कुठल्या मोजणीत नाहीत. प्रवासी कमी झाले का, हे थांब्यावर मोजता येतं. कोण यायचंच बंद झालं, हे थांब्यावर उभं राहून कळत नाही. मला या बदलातली ही बाजू फार लागते. ज्यांच्याकडे दुसरं वाहन नाही, ज्यांना सायकलही चालवता येत नाही, त्यांच्यासाठी दारापासून चौकापर्यंतची ती एक बस म्हणजे स्वतःच्या पायावर उभं असणं होतं.

दुकानदारांविषयी बाहेर जे बोललं जातं ते अर्धवट आहे. 'व्यापाऱ्यांचा विरोध' असं सरसकट म्हणतात, पण व्यापारी एका सुरात बोलत नाहीत. खुद्द चौकातली मंडळी आता खुशीत आहेत: बसचा धूर नाही, हॉर्न नाही, लोक रेंगाळतात. जुन्या थांब्याच्या गल्लीतले मात्र खरोखर अडचणीत आले, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे बसची वाट बघणारा माणूसच होता. नव्या थांब्याजवळ नवीन टपऱ्या उभ्या राहिल्या. वळण रस्त्यालगत राहणारे पहाटेपासून इंजिनांचा आवाज ऐकतात आणि त्यांचा राग मला पटतो. गाडी उभी असताना इंजिन बंद करा, एवढं तरी चालकांना सांगता येईल. चालकांशी बोलले तर तेही दोन्ही सांगतात. बाजारातलं वळण सुटलं याचा आनंद, आणि वेळापत्रक इतकं आवळलं की टोकाला पोहोचल्यावर पाणी प्यायलाही उसंत नाही याचा वैताग.

गाडी बदलणं ज्यांच्या नशिबी नव्याने आलं, त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा वाईट आहे. माझ्या कचेरीतल्या एकीला पूर्वी थेट गाडी होती, आता मोठ्या थांब्यावर उतरून दुसरी धरावी लागते. घड्याळाप्रमाणे तिचा वेळ फारसा वाढलेला नाही. पण उभं राहून वाट बघण्याचं एक मिनिट बसून प्रवास करण्याच्या दोन मिनिटांसारखं जाणवतं. वाहतुकीचा हिशोब करणारेही ते साधारण तसंच धरतात. आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा तिकीट. दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथे १ जुलै २००४ रोजी सगळी बससेवा नव्याने आखली तेव्हा सुरुवातीला मोठा गोंधळ उडाला होता. तरी ती रुजली, यामागे एक मोठं कारण हे होतं की कार्ड वापरणाऱ्याला गाडी बदलली म्हणून नव्याने पूर्ण भाडं पडत नव्हतं, आकारणी एकूण अंतरावर होती. लोकांवर गाडी बदलायची वेळ आणणार असाल तर तिकीट एकच हवं. यावर तडजोड होऊ शकत नाही.

सोलची आणखी एक गोष्ट मला इथे लागू वाटते. त्यांनी गाड्यांना रंग दिले: लांबच्या मुख्य मार्गांना निळा, त्यांना जोडणाऱ्या स्थानिक गाड्यांना हिरवा, उपनगरांच्या जलद गाड्यांना लाल आणि मध्यवर्ती भागात गोल फिरणाऱ्या गाड्यांना पिवळा. म्हणजे लांबच्या गाड्या सरळ केल्या तरी मध्यभागासाठी वेगळी गाडी असावी, हा विचार आराखड्यातच होता. अमेरिकेत डेन्व्हरला १९८२ मध्ये १६वा रस्ता पादचाऱ्यांसाठी केला तेव्हा त्याच रस्त्यावरून मोफत बस सुरू केल्या. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या बाहनहोफस्ट्रास या रस्त्यावर लोक चालतात आणि मधून ट्राम जाते. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मॅनहॅटनच्या १४व्या रस्त्यावर बस ठेवली आणि आरपार जाणाऱ्या खासगी मोटारी काढल्या. चौक माणसांचा करायचा म्हणजे तिथून बस घालवायचीच, असा नियम कुठेही नाही. आमच्याकडे तर बस गेल्या आणि मालाचे टेम्पो अजून दिवसभर चौकात येतात. पन्नास माणसांची गाडी बाहेर आणि एका माणसाची आत, हे मला अजिबात मान्य नाही.

माहिती देण्याच्या बाबतीत सगळा कारभार निराशाजनक होता. थांब्यांवर बारीक अक्षरांतले कागद चिकटवले, तेही अगदी शेवटच्या दिवसांत. सभा घेतली ती कामाच्या वेळेत. सर्वांत वाईट म्हणजे मार्ग बदलले आणि क्रमांक जुनेच ठेवले. वर्षानुवर्षं त्या आकड्याची गाडी चौकात जायची, म्हणून माणसं डोळे मिटून चढत राहिली आणि भलतीकडे उतरली. बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने २८ नवे मार्ग आणले आणि त्यांना नावंच अशी दिली की दिशा कळावी: आडव्यांना एच, उभ्यांना व्ही, तिरक्यांना डी. टप्प्याटप्प्याने आणल्यामुळे एका भागात जे चुकलं ते पुढच्या भागात सुधारायला वाव राहिला. याच्या उलट चिलीची राजधानी सँटियागो. १० फेब्रुवारी २००७ रोजी तिथे एका दिवसात सगळं बदललं, गाड्या पुरल्या नाहीत, लोक तासन्‌तास ताटकळले आणि अखेर राष्ट्राध्यक्षा मिशेल बाशेलेत यांना जनतेची माफी मागावी लागली. आमचं शहर त्या मानाने कुठेच नाही, पण नवा क्रमांक द्यायला आणि मोठा नकाशा लावायला मोठं शहर असावं लागत नाही.

मोठ्या थांब्यावर छप्पर आहे, ते भक्कम आहे, आणि गाडी किती मिनिटांत येणार हे दाखवणारा फलक बऱ्यापैकी खरं बोलतो. बसायला जागा फार कमी. बाकांना मध्ये हात टेकायला दांडे आहेत, त्याचा उठताना वृद्धांना उपयोग होतो, ही एक गोष्ट विचार करून केलेली दिसते. स्वच्छतागृह नाही. गाडी बदलायच्या जागी ते नसणं बायकांना किती जड जातं, हे आखणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं.

तुमच्या शहरात असा बदल येऊ घातला असेल तर विरोधासाठी विरोध करू नका, असं मी मनापासून सांगेन. सरळ मार्गाचा फायदा खोटा नाही, मी तो रोज घेते. पण फायदा झालेली माणसं गप्प बसतात आणि तोटा झालेली एकतर ओरडतात किंवा घरातच बसतात. या तिसऱ्यांना शोधून विचारा. वाचलेल्या मिनिटांतून फेऱ्या किती वाढणार, हे आधी लेखी मागा. थांब्याची जागा पक्की होण्यापूर्वी एखाद्या वयस्क माणसाला सोबत घेऊन तिथपासून चौकापर्यंत चालून पाहा, नियोजन करणाऱ्यांनाही चालायला लावा. आणि चौकासाठी एक छोटी, खालच्या पायरीची, सतत गोल फिरणारी गाडी पहिल्या दिवसापासून मागा. नंतर ती मिळवणं फार कठीण जातं. आम्ही अजून मागतोच आहोत.

आमची दुसरी मागणी त्याहून सोपी आहे, एकही नवी गाडी न लागणारी. रात्रीच्या शेवटच्या फेऱ्या पुन्हा जुन्या मार्गाने, चौकातून न्याव्यात. गाड्या बाहेर काढल्या त्या गर्दीमुळे. रात्री उशिरा बाजारपेठेत गर्दी नसते, म्हणजे वेळही जात नाही. उलट त्याच वेळी चौकातून मोठ्या थांब्यापर्यंत अंधारात एकटीने चालत जाणं आणि तो रुंद रस्ता ओलांडणं सर्वांत नकोसं होतं. दवाखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या परिचारिका, दुकानं बंद करून निघणाऱ्या मुली, सगळ्यांनी या अर्जावर सह्या केल्या आहेत. अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे.