पाण्याच्या टाकीखालची ओपन जिम, बीपीवाल्याच्या हिशेबानं

आमच्या गावात (वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका) पाण्याच्या टाकीखाली ओपन जिम लागून दोन वर्षं झाली. पहिलं वर्षभर तिथं पोरं लोंबकळायची नाहीतर शेळ्या बसायच्या. मी जायला लागलो तो दिवाळीनंतर. आशाताईनं सहज म्हणून पट्टा बांधला आणि 168/102 निघालं. वय 56.

"दिवसभर वावरातच असतो साहेब, मले काहून व्यायाम पाह्यजे?" असं डॉक्टरांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, पोतं उचललं की बसलं, असं ते काम. तुम्हाला पाहिजे सलग अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस. पण आधी गोळीनं आकडा खाली येऊ द्या, अन् मग जिम. कोणत्या दिवशी 180/110च्या वर दिसला तर त्या दिवशी सुट्टी.

सगळ्यात कामाची मशीन म्हणजे दोन्ही पाय झुलवायचा एअर वॉकर. गुडघ्याला दणका नाही, शेजारच्याशी कापसाच्या भावावर बोलत बोलत वीस मिनिटं निघून जातात. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागला पाहिजे, एवढंच माप. पहिल्या आठवड्यात मी झटक्यात उतरलो अन् डोळ्यापुढं अंधारी आली, खांब धरून उभा राहिलो. आता शेवटची पाच मिनिटं हळू करतो, मग टाकीला दोन चकरा मारून घरी.

लेग प्रेसचा, म्हणजे बसून पायानं जोर लावायच्या मशीनचा, किस्सा सांगण्यासारखा आहे. आमचे एक रिटायर हवालदार भाऊ शेजारी उभे राहून म्हणत, "दम धर, अन् लाव जोर!" मी दम धरला. चौथ्या वेळेला कानात धाडधाड ऐकू यायला लागलं, मानेच्या शिरा तटतटल्या. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम वर चढते, आपल्यासाठी तेच नको. आता जोर लावताना मोठ्यानं मोजतो, "एक... दोन...". तोंडातून आवाज निघाला म्हणजे श्वास कोंडत नाही. पोरं हसतात, हसू द्या. सोयाबीनचं पोतं उचलतानाही हेच करतो.

चेस्ट प्रेस, म्हणजे बसून हातानं जोर लावायची मशीन, बरी आहे, हलक्या हातानं. सिट-अपची पाटी बीपीवाल्यानं सोडून द्यावी, डोकं खाली अन् पाय वर जातात. शेजारच्या काकू तिच्यावर चिंच वाळवतात, ते ठीक आहे. कंबर फिरवायच्या ट्विस्टरचं बेअरिंग गेलं आहे, करकर वाजते. दोनदा सांगून झालं.

खरी तक्रार सावलीची. एक झाड नाही. एप्रिल-मे मध्ये आठ वाजताच लोखंडाला हात लावता येत नाही, आणि माझ्या गोळ्यांमध्ये एक लघवी वाढवणारी आहे. घाम आणि ती गोळी मिळून चक्कर आणतात, म्हणून साडेपाचला पोचतो, जवळ पाण्याची बाटली ठेवतो. फलकावर मशीनचं नाव आणि कोणता स्नायू बळकट होतो एवढंच. छातीत दुखलं किंवा दम आवरेना झाला तर थांबा, हे एका ओळीत लिहायला काय जात होतं?

आणखी एक. बाकावर बसून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटणारी मंडळी मधातच पुडी पुढं करतात. तंबाखूनं बीपी अन् ठोके दोन्ही वाढतात, म्हणजे केलेली मेहनत तिथंच पाण्यात. माझा खर्रा संक्रांतीपासून बंद आहे. म्हणजे, जवळपास बंद.

परवा मोजलं, जिमहून आल्या आल्या नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटं शांत बसून, चहाच्या आधी. 134/84. यात गोळीचा वाटा किती अन् एअर वॉकरचा किती, कोण जाणे. पाचपैकी साडेतीन तारे. झाड लावलं तर चार देईन.