घरी येणारे शुश्रूषा पथक : आईच्या अखेरच्या काळातील अनुभव

कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची काळजी वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी येणाऱ्या पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातील दुखणे व त्रास कमी करणारी शुश्रूषा) पथकाने अखेरपर्यंत घरीच घेतली. औषधांच्या बाबतीत ते काटेकोर होते. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची गोळी दुखणे उफाळण्याची वाट न पाहता दर चार तासांनी द्यावी आणि बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून सोबत रेचकही द्यावे, हे त्यांनी मराठीत लिहून दिले. परंतु या सेवेचे खरे मोल मला स्पर्शात दिसले. परिचारिका थेट आईच्या बाजेवर बसत, तिचा हात हाती घेत आणि मगच दुखण्याची चौकशी करीत. जखमेच्या दुर्गंधीमुळे नातेवाईक दारातूनच परतत होते, तेव्हा त्यांनी मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाची पूड वापरून वास आटोक्यात आणला आणि वहिनीला कूस बदलणे, पाठीला तेल लावणे, कोरडे ओठ ओल्या कापडाने टिपणे शिकवले. त्यानंतर नातवंडेही आजीजवळ बसू लागली, आणि आईचा चेहरा निवळला. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना स्वतः मालिश करीत, त्याच जिल्ह्यात आजाऱ्याला शिवायला माणसे कचरावीत याचे मला फार वाईट वाटते.

उणीव एकच, पण मोठी : रात्री दुखणे वाढल्यास फोनवर कोणी मिळत नाही. तरीही ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी उपचार संपण्याची वाट न पाहता निदान होताच नाव नोंदवावे.