आईचा हात, झाडाची साल आणि अल्जिनेट पावडर

गेल्या दोन वर्षांत या अल्जिनेट पावडरची सहा पाकिटं संपवली. मी माणसांच्या हाताचे, खांद्यांचे, पाठीचे ठसे घेते आणि ते खोडाशी, मुळांशी, दगडांशी जोडून शिल्पं करते. त्या कामाला ही पावडर कितपत उपयोगी पडते, तेवढंच इथे लिहिते आहे. नुसता बाळाच्या पावलाचा ठसा हवा असेल तर एवढा विचार करायची गरज नाही, कुठलीही घ्या.

दाताच्या दवाखान्यात माप घ्यायला जो लगदा तोंडात भरतात, तोच हा प्रकार, फक्त जरा सावकाश घट्ट होणारा. अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालातून काढतात. पाण्यात कालवलं की पावडरीतलं कॅल्शियम त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं आणि काही मिनिटांत रबरासारखा साचा होतो. माणसाच्या कातडीचा ठसा घेणारी वस्तू समुद्रात वाढलेली आहे, हे कळलं तेव्हापासून मला हे साहित्य जवळचं वाटतं. माझ्या विषयाची सुरुवात बादलीतच होते.

आता मुख्य गोष्ट. आईचा हात झाडाच्या खोडावर टेकलेला, असा एकसंध ठसा मला हवा होता. आधी हाताचा आणि सालीचा ठसा वेगवेगळा घेतला आणि प्लास्टरमध्ये जोडला. सांधा दिसत होता. कितीही घासला तरी हात झाडावर ‘ठेवलेला’ वाटे, टेकलेला वाटेना. घट्ट झालेल्या अल्जिनेटवर नवा थर नीट चिकटत नाही, त्यामुळे थोडं आज, थोडं उद्या असंही जमत नाही. म्हणजे हात आणि साल एकाच वेळी, एकाच कालवणीत घ्यायला हवेत.

इथे पावडरीचा कस लागला. नेहमी मी 250 ग्रॅमला एक लिटर पाणी घेते, उभ्या खोडासाठी 800 मिलिलिटरवर आणलं, म्हणजे लगदा ओघळत नाही. साल आधी ब्रशने भरपूर भिजवली, कारण कोरडी साल लगद्यातलं पाणी ओढून घेते आणि मग साचा भेगांमध्ये फाटतो. मनगटावरच्या लवेला व्हॅसलीन लावलं. आई बोटं पसरून उभी राहिली. पहिला पातळ थर मी हातानेच दाबून बोटांच्या फटींत आणि सालीच्या खाचांत भरला. ‘गार लागतंय गं, पण बरं वाटतंय,’ एवढंच ती म्हणाली. ही पावडर रंग बदलणारी आहे, आधी जांभळी, मग गुलाबी, शेवटी पांढरट. गुलाबी रंग फिका पडायला लागला की हात थांबवायचा, घड्याळाकडे बघावं लागत नाही. वरून प्लास्टर बँडेजचं कवच चढवलं. ते घट्ट झाल्यावर आईने बोटं हळूहळू हलवून हात सोडवला, मग मी साचा खोडावरून उतरवला.

प्लास्टर ओतून दुसऱ्या दिवशी कवच काढलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले. नखांवरच्या उभ्या रेषा, तर्जनीवरचा जुना व्रण, मनगटाजवळच्या सुरकुत्या, सगळं आलं होतं. आणि सुरकुत्या जिथे संपतात तिथून सालीच्या भेगा सुरू होतात. पांढऱ्या प्लास्टरमध्ये कातडी कुठली आणि साल कुठली हे वीतभर अंतरावरूनही मला पटकन सांगता येईना. सिलिकॉनचा साचा वर्षानुवर्षं टिकतो, पण जिवंत माणसाच्या अंगावर तो इतक्या सहज घेता येत नाही. म्हणून मी पहिला ठसा अल्जिनेटने घेते आणि बाहेर ठेवायच्या सिमेंटच्या प्रतीसाठी त्या प्लास्टरवरून नंतर सिलिकॉनचा साचा करते.

तक्रारी आहेत. पाकिटावर आठ मिनिटं लिहिलेली आहेत, ती साधारण 20 अंशांच्या पाण्याची. उन्हाळ्यात साध्या पाण्याने चार मिनिटांतच लगदा धरला आणि एक पूर्ण पाठ वाया गेली. मॉडेल म्हणून बसलेली मैत्रीण पुन्हा अर्धा तास बसली, ती भली म्हणून. तेव्हापासून पाणी फ्रिजमधलं घेते आणि थर्मामीटरने बघते. पावडर कालवताना धूळ फार उडते, मास्कशिवाय पाकीट फोडू नका. आणि साचा एकदाच वापरता येतो, हे मला सगळ्यात टोचतं. निसर्गाबद्दल काम करायचं आणि दर वेळी बादलीभर लगदा फेकायचा.

साचा पाण्याचा असल्यामुळे लगेच आक्रसायला लागतो. अर्ध्या तासात प्लास्टर ओतलंच पाहिजे, तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. एकदा मी एक साचा विसरले. महिन्याभराने फळीवर सापडला तो लहान, कडक, वाळक्या पानासारखा वळलेला होता, पण तळहाताच्या रेषा आत तशाच. तो मी टाकला नाही. आता असे वाळलेले साचे मुद्दाम जमवते आहे.

या विषयात पुढे जायचं असेल तर इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोने यांचं 1968 मधलं काम बघा. त्यांनी आपल्या हाताची धातूची प्रतिकृती एका कोवळ्या झाडाच्या खोडाला घट्ट धरल्यासारखी बसवली, आणि तेवढी जागा सोडून झाड वाढत राहिलं. ब्रिटिश शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी 2006 पासून कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाच्या समुद्रात ठेवलेल्या मानवी आकृतीही खऱ्या माणसांवरून घेतलेल्या आहेत, त्यांच्यावर आता प्रवाळ आणि स्पंज वाढतात.

नवख्यांना एक कळकळीची विनंती: पावडर संपली म्हणून हात थेट प्लास्टरच्या बादलीत घालू नका. जाड प्लास्टर घट्ट होताना 60 अंशांपर्यंत तापतं आणि हात आत अडकतो. पावडर आणा, मगच काम करा.

मी सातवं पाकीट मागवलं आहे. आईच्या ठशात करंगळीशेजारी सालीवर एक बारीक उंचवटा आहे, आधी मी तो हवेचा बुडबुडा समजून खरवडणार होते. भिंगातून पाहिलं तर मुंगी होती, पोटाच्या वळ्यांसकट. ती सिमेंटच्या प्रतीतही ठेवली आहे.