शिडाच्या होडीसाठी बेळगावात करून घेतलेला स्विम प्लॅटफॉर्म

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याकडून आम्ही आमच्या २८ फुटी शिडाच्या होडीसाठी घडीचा स्विम प्लॅटफॉर्म, म्हणजे पाण्यात उतरण्या-चढण्यासाठी होडीच्या मागे बसवायचा छोटा फलाट, आणि त्याला जोडलेली शिडी करून घेतली. होडी गोव्यात मांडवीच्या पात्रात असते, पण तिचे आम्ही तिघेही भागीदार बेळगावचे असल्याने काम घरच्याच गावात करून घेणे सोयीचे होते. पावसाळ्यानंतरचा संपूर्ण हंगाम हा प्लॅटफॉर्म खाऱ्या पाण्यावर वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. माप, सांधे आणि बिजागऱ्या यांत कारखान्याचे काम उत्तम आहे. समुद्रासाठी स्टेनलेस स्टील कसे हाताळावे, याबाबतीत मात्र ग्राहकाने स्वतः लक्ष घालावे लागते.

नव्या होड्यांची पिछाडी बहुधा पाण्याकडे उतरत जाते. आमच्यासारख्या जुन्या होडीची पिछाडी सरळ भिंतीसारखी उभी असते आणि तिच्यावरून सोडलेली साधी शिडी माणूस चढू लागताच होडीच्या पोटाखाली आत सरकते, त्यामुळे शरीराचा सगळा भार पायांऐवजी हातांवर येतो. आमच्याकडचे बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकलेले. उडी मारण्याची भीती कोणालाच नसते, परंतु विहिरीला पायऱ्या असतात आणि होडीला नसतात, हे साठीच्या पुढच्या मंडळींना पाण्यात उतरल्यावर जाणवते. परदेशातून तयार प्लॅटफॉर्म मागवता येतो, पण वाहतूक आणि सीमाशुल्क धरून त्याची किंमत आम्हाला पटली नाही. शिवाय पिछाडीचा कोन जुळेलच याची खात्री नव्हती.

चौकट २५ मिलिमीटर व्यासाच्या पाईपची असून प्लॅटफॉर्म ११० सेंटिमीटर रुंद आहे आणि पिछाडीपासून ४५ सेंटिमीटर बाहेर येतो. वर दोन बिजागऱ्या आणि खाली दोन तिरके टेकू अशी रचना आहे. कारखानदाराने या रचनेचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, हे मला विशेष आवडले. १०० किलोचा माणूस बाहेरच्या कडेवर उभा राहिला आणि बिजागरी व टेकू यांच्यात उभे अंतर ३० सेंटिमीटर असले, तर वरच्या दोन बिजागऱ्यांवर मिळून सुमारे १५० किलोची बाहेरच्या दिशेने ओढ येते, आणि कोणी उडी मारून उतरले तर ती आणखी वाढते. म्हणून बिजागऱ्यांच्या मागे, होडीच्या आतल्या बाजूने, ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा घालण्याचा आग्रह त्यांनीच धरला. हायड्रॉलिकच्या सुट्या भागांवर काम करणाऱ्यांच्या हाताला असलेली सफाई येथेही दिसते : बिजागऱ्यांत अर्ध्या सुताचाही खेळ नाही.

साहित्याच्या बाबतीत मात्र माझी तक्रार आहे. मागणी ३१६ एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची होती. या प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यातील क्लोराईडमुळे धातूला पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते रोखते; स्वयंपाकघरातल्या भांड्यांना आणि जिन्याच्या कठड्यांना चालणाऱ्या ३०४ मध्ये ते मुद्दाम घातलेले नसते. पाईप आल्यावर लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे माल चोख आहे’ असे मला सांगण्यात आले. ही परीक्षा येथे निरुपयोगी आहे, कारण ३०४ आणि ३१६ या दोन्हींना लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही. बेळगाव हे फाउंड्रीचे गाव असल्याने स्पेक्ट्रो चाचणी, म्हणजे धातूत कोणते घटक किती आहेत याची तपासणी, करून घेणे येथे अवघड नाही. पाईपचा एक कापलेला तुकडा आम्ही तपासून घेतला आणि माल खरोखरच ३१६ निघाला. नटबोल्ट घेताना बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ अशी खूण पाहावी. ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या जातीचा बोल्ट.

एवढे करूनही पाण्यात गेल्यावर काही आठवड्यांतच वेल्डिंगजवळ आणि शिडीच्या पायऱ्यांवर तांबूस डाग उमटले. ज्या ग्राइंडिंग चाकाने साधे लोखंड घासले जात होते त्याच चाकाने आमची चौकट साफ झाली होती आणि लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुतले होते. आर्गन वेल्डिंगनंतर धातूवर राहणारा निळसर पट्टाही केवळ बफिंग करून झाकला होता. तो आम्लाच्या पेस्टने काढून पृष्ठभाग पुन्हा निष्क्रिय, म्हणजे गंज न धरणारा, करून घ्यावा लागतो. कारखानदाराने वाद न घालता चौकट परत घेतली आणि हे काम विनामूल्य करून दिले, त्यानंतर डाग आलेले नाहीत. वागणुकीला पूर्ण गुण देतो, परंतु चोर्ला घाटातून चौकट दोनदा नेण्या-आणण्याचा त्रास आमच्याच वाट्याला आला. स्टेनलेससाठी वेगळे चाक आणि वेगळा ब्रश वापरला जाईल, हे मागणीपत्रातच लिहून घेणे इष्ट.

वरच्या पट्ट्या खानापूरच्या सुताराने सागवानी लाकडाच्या केल्या. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली आहे, कारण खालून आदळणाऱ्या लाटेला वर निघून जायला वाट नसेल तर सगळा दणका बिजागऱ्यांना सोसावा लागतो. पट्ट्यांना वार्निश लावू नये. ओले साग अनवाणी पायाला घट्ट धरते, वार्निश केलेले धरत नाही.

बसवण्याचे काम गोव्यातील यार्डात झाले. पिछाडीच्या दोन फायबर थरांमध्ये प्लायवुड असल्याने प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, त्यात घट्ट इपॉक्सी भरून, ते वाळल्यावर योग्य मापाचे भोक पुन्हा पाडावे लागते. थेट भोक पाडल्यास पाणी प्लायवुडमध्ये मुरते आणि पिछाडी आतून कुजत जाते. यार्डवाले घाईत असले तरी या टप्प्यावर त्यांच्याशेजारी उभे राहावे.

शिडीची लांबी हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. होड्यांच्या बांधणीची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील एबीवायसी या संस्थेच्या मानकानुसार तळाची पायरी पाण्याखाली किमान २२ इंच असावी लागते, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला कोणाच्याही मदतीशिवाय ती वापरता आली पाहिजे. कारखान्याच्या पहिल्या आराखड्यात शिडी एका पायरीने आखूड होती आणि ती उघडण्याची खीळ वरच्या बाजूला होती. आम्ही पायरी वाढवून घेतली आणि खिळीला पाण्यापर्यंत लोंबणारी दोरी बांधली. एकटा माणूस होडीवरून पडला तर त्याच्या उपयोगाची वस्तू ही दोरीच आहे.

नांगर टाकून पोहणे, डिंगीतून (किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीतून) सामान चढवणे, मासळी साफ करणे, वर येण्यापूर्वी अंगावरचे मीठ धुणे या सगळ्याला आता हक्काची जागा झाली आहे. काही पथ्ये मात्र पाळावीच लागतात. आमच्या डिझेल इंजिनाचा धूर प्लॅटफॉर्मच्या खालीच बाहेर पडतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. इंजिन चालू असताना तेथे कोणालाही बसू देत नाही. पाणी हलत असेल तर प्लॅटफॉर्मची कड वर-खाली होऊन पोहणाऱ्याच्या डोक्यावर बसू शकते, त्यामुळे शिडीकडे बाजूने यावे. रात्री पट्ट्यांखाली लाटांची थपथप झोपू देत नाही. घडी करून ठेवल्यास ती थांबते. शिडे चढवण्यापूर्वी तर घडी करून खिळी लावणे अनिवार्यच आहे, कारण होडी कलली की उघडा प्लॅटफॉर्म पाण्यात बुडून वेग खातो.

घडी केलेला प्लॅटफॉर्म उभा राहतो, तेव्हा तो मागच्या पांढऱ्या दिव्यासमोर येतो. हा दिवा मागून १३५ अंशांच्या पट्ट्यात दिसला पाहिजे, असा समुद्रावरील वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आम्हाला दिवा कठड्यावर उंच हलवावा लागला. कारखान्याला याची कल्पना असण्याचे कारण नाही, म्हणून मागणी देताना पिछाडीचा प्लायवुडचा पूर्ण मापाचा साचा न्यावा आणि त्यावर दिवा, धुराचे तोंड व सुकाणू यांच्या जागा आखून द्याव्यात. फोटोवरून माप घेण्यास हे कारखानदार तयार होतात, तेथे त्यांचे ऐकू नये.