शिसेविरहित सोल्डर वायर: पावसाळ्यापासून रोज वापरून

गेल्या पावसाळ्यापासून दुरुस्तीच्या टेबलावर शिसेविरहित वायरच आहे. एसएसी ३०५, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते, पण चांदीमुळे साध्या ६३/३७ पेक्षा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) बरीच महाग पडते.

पहिला फरक तापमानाचा. ६३/३७ वायर १८३ अंशांना वितळते, ही २१७ ते २२०ला. म्हणून लोक सोल्डरिंग आयर्न थेट चारशेच्या वर नेतात आणि पॅड, म्हणजे बोर्डावरचे जोडायचे तांब्याचे ठिपके, उखडतात. मी साडेतीनशेच्या आसपासच ठेवतो, टिप मात्र जाड घेतो, आणि तांब्याचा पत्रा मोठा असेल तर बोर्ड खालून आधी गरम करतो. कथील जास्त असल्यामुळे टिपेवरचा लोखंडाचा थर लवकर खाल्ला जातो. काम थांबवताना टिपेवर सोल्डरचा थर ठेवायचाच.

जोड निस्तेज दिसतो, म्हणून त्याला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, समजू नका. चमक सोडा, कडा बघा: सोल्डर पॅडवर पातळ पसरलंय का, पार्टच्या पायाला चढलंय का.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘हल्ली शिसं नाही म्हणून बोर्ड टिकत नाहीत.’ मला हे पटत नाही. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर उघडले की बहुतेकदा दिसतात हीटसिंकला चिकटून बसवलेले आणि उष्णतेने फुगलेले कपॅसिटर आणि ओलीने हिरवे पडलेले कनेक्टर. जड ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवतीची गोल चीर तर शिसंवाल्या जुन्या पिक्चर ट्यूब टीव्हीतही असायची. तापणं-निवणं, त्यावर वजन. तिथे कुठलाही मिश्रधातू थकतो.

खरा कमकुवतपणा वेगळा आहे. हे मिश्रण कडक, त्यामुळे मोबाइल पडला की चिपखालचे जोड तडकू शकतात. म्हणून तिथे कमी चांदीचं मिश्रण किंवा चिपखाली गोंद वापरतात. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून बारीक तंतू उगवतात आणि शॉर्ट करतात. १९९८मध्ये गॅलेक्सी ४ उपग्रह बंद पडला, त्याचं कारण हेच मानलं जातं. युरोपने १ जुलै २००६पासून शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, तेव्हा अंतराळ आणि लष्करी उपकरणं त्यातून वगळली होती.

धुराबद्दलही गैरसमज आहे. तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून वायरीत भरलेल्या रसायनाचा असतो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, शिसं पोटात जातं ते हाताला लागून. त्यामुळे वायर कोणतीही असो, एक्झॉस्ट पंखा हवाच आणि चहाआधी साबणाने हात धुणंही.

विकायच्या नव्या बोर्डांसाठी मी हीच वायर घेईन. दुरुस्तीत बोर्डावर जे आहे तेच लावावं. बदलायचंच असेल तर जुनं सोल्डर विकने, म्हणजे ते शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, पूर्ण उचलून घ्यावं. कमी तापमानाची बिस्मथवाली वायर तर शिसंवाल्या जोडावर लावूच नका: कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की त्यातला काही भाग ९६ अंशांच्या आसपासच वितळतो, आणि पॉवर ट्रान्झिस्टरच्या पायाशी एवढी उष्णता सहज असते.